पाहुणचाराचा पंचनामा

दारव्हा, १६ नोव्हेंबर १९५८, रविवार

चार महिने या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल वहीची माफी मागतो. कारण लिहायची लाज वाटते, पण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. (बायको, कोकिळा, वाचते असा संशय आहे. वाचत असशील तर इथेच थांब.) कारण असं की, बसता येत नव्हतं. मूळव्याध. तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालो, पण माणसाचं सगळं तत्त्वज्ञान किती इवल्याशा जागेवर टेकलेलं असतं, ते चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

ऑगस्टात नागपूरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. इथल्या डॉक्टरने चिठ्ठी दिल्यापासून अकराव्या दिवशी मी टेबलावर होतो. स्वतंत्र खोली, खिडकीला पडदा, सर्जन दिवसातून दोनदा येऊन चौकशी करणार. सरकारी व्यवस्थेला लोक उगाच नावं ठेवतात. मी कोणाला शब्द टाकायला सांगितलं नाही, कोणाची शिफारस नेली नाही. रांगेत लागलो, रांग सरकली. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नायब तहसीलदाराबद्दल लोक काय काय बोलतात ते मला माहीत आहे.

अजून फार वेळ बसवत नाही. हे खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभ्याने लिहितो आहे. अक्षर वाकडं येईल.

१८ नोव्हेंबर

कचेरीत आज बोरी अरबचा एक मेकॅनिक आला. जफर. पस्तिशीचा असेल, पण विजार कमरेला सुतळीने बांधलेली आणि गालफडं बसलेली. पोट मात्र सावकाराचं.

"काय होतंय?" मी विचारलं.

"सायलेंसर चोक झालं, साहेब."

शिपाई फुलचंद हसला. मी नाही हसलो; विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

"जिनिंगात इंजिन पाह्यतो मी. इंजिनाचं समजते, हे नाई समजत. खाल्लं का पोट फुगते, मंग आत कोनी गाठ मारून राह्यलं असं वाटते. पानीबी धक्का देऊन उतरवा लागते."

डॉक्टरांचा कागद सोबत होता. लहान आतडं एका ठिकाणी आवळलं गेलं आहे. तेवढा तुकडा कापून दोन टोकं जोडावी लागतील. महिन्याभरात झालं नाही तर वाट एक दिवस पूर्ण बंद होईल, आणि मग हा माणूस नागपूरपर्यंत पोचणार नाही. दवाखाना तोच, माझा. तिथे मोफत खाट मिळते, पण माणूस गरीब असल्याचा दाखला हवा, आणि तो दाखला द्यायचं काम माझं.

फुलचंद म्हणाला, "मारा सही, साहेब. याची चप्पल पाहा अन् याचं पोट पाहा, झाली चौकशी."

पण गेल्या वर्षी मी अशीच एक सही मारली होती. बबनराव नावाचे कोणी निराधार गृहस्थ, असं पटवाऱ्याने लिहून दिलं होतं. निराधार बबनरावांचा हर्निया मोफत कापला गेला आणि महिन्याने ते स्वतःच्या मोटारीतून मला पेढे द्यायला आले. त्या दिवशी ठरवलं, यापुढे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गरिबीवर सही करायची नाही.

"मी स्वतः तुझ्या घरी येऊन पाहीन," मी सांगितलं.

"तुम्ही? आमच्या घरी?" त्याचा चेहरा एकदम उजळला. "कवा येता तेवढं सांगा फक्त."

रविवारी दहाला येतो म्हणालो. न कळवता कोणाच्या घरात शिरणं हे पोलिसांचं काम. माझ्या सभ्यतेत बसत नाही.

२० नोव्हेंबर

जफरने फुलचंदच्या हाती एक वस्तू पाठवली. सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून, अर्धवट हवा भरून केलेली गोल गादी. वर जांभळ्या मखमलीचं कव्हर, त्याच्या बायकोने शिवलेलं. फुलचंदने ती चार पटवाऱ्यांच्या समोर माझ्या टेबलावर ठेवली.

बसलो. दहा मिनिटं स्वर्ग. मग आठवलं की या माणसाचा अर्ज माझ्याकडे पडून आहे. ताबडतोब उठलो आणि परत पाठवली.

फुलचंद म्हणाला, "साहेब, लाच खिशात जाते. हे तं..." पुढचं वाक्य त्याने माझ्या पदाचा मान राखून गिळलं.

दहा मिनिटांच्या स्वर्गाची कुठे नोंद करावी का, हा प्रश्न उरतोच.

२३ नोव्हेंबर, रविवार

बोरी अरबला जाऊन आलो. गोंधळून गेलो आहे.

गल्ली झाडून सडा घातलेला. दारात वीसेक माणसं. आत चार खुर्च्या, भिंतीवर टोल्यांचं घड्याळ, पलंगावर वेलबुट्टीची चादर, कोपऱ्यात रेडिओ. रेडिओ लावा म्हटलं, तर जफर म्हणाला, "बॅटरी खतम झाली, साहेब." म्हणजे बॅटरी संपेपर्यंत रेडिओ ऐकणारं घर.

जेवण नको म्हटलं, पण पानं मांडली होती. मी जातपात पाळत नाही आणि ते दाखवून द्यायची संधी सोडत नाही, म्हणून बसलो. पाहतो तर वरण, भात, वांग्याची भाजी, पुरणाची पोळी. शेजारच्या विमलताई नावाच्या बाईंनी रांधलेलं, माझ्या धर्माला अडचण नको म्हणून. थोडक्यात, या घरी स्वयंपाकाला बाई आहे.

जफर स्वतः जेवला नाही. मन्नतीचा रोजा आहे म्हणाला. रमजान होऊन सात महिने झाले. पण आजारपणातही एवढी श्रद्धा पाहून बरं वाटलं. मी जेवत असताना तो वाढलेल्या ताटाकडे पाहत नव्हता, दाराकडे पाहत होता.

आता मुख्य गोष्ट. भांडी पितळेची, लखलखीत, आणि प्रत्येकावर नाव कोरलेलं. ताटावर गुलाम नबी. तांब्यावर प्रेमसिंग किसनसिंग. वाटीवर सौ. विमल. पेल्यावर अमिनाबी. जफरचं नाव एकाही भांड्यावर नाही. मी पेला उचलला की दारातली एक म्हातारी मान पुढे काढायची, जणू मी तो घेऊन पळणार आहे.

परत येताना सारखा एकच विचार. चार निरनिराळ्या माणसांची भांडी एका मेकॅनिकच्या घरात कशी येतात? गहाणाशिवाय दुसरं कारण सुचत नाही.

२४ नोव्हेंबर

अहवाल तीनदा लिहून तीनदा फाडला. त्या दहा मिनिटांमुळे माझा कल जफरकडे झुकतो आहे का, अशी शंका आली, म्हणून मुद्दाम उलट बाजूला झुकून पाहिलं. उलट बाजूलाच थांबलो.

जे पाहिलं तेच लिहिलं. खुर्च्या चार. घड्याळ एक. रेडिओ एक. स्वयंपाकास बाई. निरनिराळ्या लोकांची भांडी ताब्यात. भांडी गहाण ठेवून सावकारी करीत असण्याचा संभव. सबब अर्ज नामंजूर.

फुलचंदने कागद वाचला, घडी केली आणि म्हणाला, "तुम्ही लय शिकेल आहा, साहेब."

मी आभार मानले. आता वाटतं, तो तसं म्हणाला नसावा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

जे घडलं ते घडलं तसं लिहितो, माझी शोभा होवो न होवो.

सकाळी मागच्या मोरीत, डॉक्टरांच्या हुकुमाप्रमाणे, कोमट पाण्याच्या घंगाळात बसलो होतो. मागच्या दारी बाईमाणसाचा आवाज आला. जफरची बायको, रहमतबी. कोकिळाने तिला ओट्यावर बसवलं. मोरीला दार आहे, पण ते दार म्हणजे एक पत्रा. शब्दन् शब्द ऐकू येत होता आणि मला उठून जायची सोय नव्हती.

"बाई, तुमच्या साहेबांनं माह्या घरी चार खुर्च्या पाह्यल्या म्हने," रहमतबी म्हणाली. "मी लगन करून आली त्याले पंधरा वरसं झाले. त्या घरात खुर्ची पहिल्यांदा मीबी त्याच दिवशी पाह्यली. अन् बसाले तेबी नाई भेटली."

"कोणाच्या होत्या मग?"

"दोन शाळेच्या, दोन गुलाम नबीच्या. घड्याळ पोस्टमास्तरचं. रेडिओ जिनवाल्याचा, त्यात काईच नाई, नुसतं खोकं आहे. ताट ज्याच्याकडं चांगलं त्यानं आनून देल्लं. आमच्या गल्लीत कोनाच्याही घरी मोठा मानूस आला तं असंच होते. साहेबाले बारदान्यावर बसवाव काय? एकट्या जफरची इज्जत नाई जात, गल्लीची जाते."

"हे साहेबांना सांगायचं नाही का?"

"जेवाले बसेल मानसाले सांगू, का बाबा तुह्यासमोरचं ताट उसनं आहे?"

कोकिळाने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवल्याचा आवाज आला.

"अन् त्यायनं आधी सांगतलंच कायले येतो म्हनून?" रहमतबीचा आवाज चढला. "चुपचाप येते तं खरं दिसलं असतं. चार दिवसापासून पेजबी उलटून येते त्याच्या पोटातून. हसते अजून. म्हनते, साहेबानं मले सावकार केलं, आता तू सेठानी. मले नाई हसू येत, बाई."

ती गेली. घंगाळातलं पाणी गार झालं होतं.

"ऐकलंत?" कोकिळा पत्र्याबाहेरून म्हणाली.

"ऐकलं."

"मे महिन्यात आपल्या सुमीला पाहायला आले, तेव्हा बैठकीतला गालिचा कोणाचा होता?"

"तहसीलदारांचा."

"चांदीचं तबक?"

"त्यांचंच."

"तेव्हा पाहुण्यांना सांगितलंत का, हे आमचं नाही म्हणून?"

"त्यांनी विचारलं नाही."

"तुम्ही तरी जफरला कुठे विचारलंत?"

वीस मिनिटं तसाच बसून राहिलो. डॉक्टरांनी दहाच सांगितली आहेत.

१ डिसेंबर

तहसीलदार वामनरावांकडे जाऊन म्हणालो, माझा अहवाल चुकला, परत द्या. मोठ्या मनाने आणि बऱ्याच हसण्याने त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, अहवाल परत घेता येत नाही. नवा अर्ज, नवी चौकशी, तीही दुसऱ्या अधिकाऱ्याकडून. जानेवारी उजाडेल.

"तोपर्यंत तो माणूस राहणार नाही."

"मग टाका ना सर्जनला शब्द."

"मी असलं काही करत नाही. माझ्या वेळीही केलं नव्हतं."

वामनरावांनी पुढ्यातली फाइल मिटली. "तुमच्या वेळी मी फोन केला होता," ते म्हणाले. "कोकिळावहिनींनी सांगितलं होतं. वर म्हणाल्या, यांना कळू देऊ नका, नाहीतर टेबलावरून उठून घरी येतील."

अकरा दिवस. मी ज्या रांगेत उभा होतो ती रांगच नव्हती.

"मग जफरसाठीही करा एक फोन," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"अहो, फोन आपल्या माणसासाठी असतो. मेकॅनिकांसाठी करत सुटलो तर माझा फोन उचलणार कोण?"

  घरी येऊन कोकिळावर रागवायचं ठरवलं होतं, तिने पुढ्यात ताक ठेवलं आणि विचारलं, "नागपूरला कधी निघताय?"

नागपूर, ३ डिसेंबर, बुधवार

रजा घेतली. सरकारी जीप खाजगी कामाला घ्यायची नाही, म्हणून एसटीने. मागच्या बाकावर जफर आडवा, त्याचं डोकं रहमतबीच्या मांडीवर. मी दांडा धरून उभा. गाडी खड्ड्यात गेली की आम्ही दोघं एकाच सुरात कण्हत होतो.

"तुमचं मागचं खराब, माहं मधलं," जफर म्हणाला. "दोघं जोडले तरी एक गाडी नाई बनत, साहेब."

यवतमाळ सोडल्यावर त्याने पिशवीतून ती मखमली ट्यूब काढली.

"बसा. अर्ज तं तुम्ही नामंजूरच केला. आता कायची लाच?"

युक्तिवादात दोष सापडला नाही. नागपूरपर्यंत बसून आलो. रहमतबी सबंध प्रवासात माझ्याशी एक शब्द बोलली नाही; उतरताना मात्र माझी पिशवी तिने उचलली.

दवाखान्यात कारकुनाने मान वर न करता विचारलं, "दाखला?"

"नाही."

"पैसे भरणार?"

"नाही."

"मग आलात कशाला? तुम्ही कोण याचे?"

"मी दारव्ह्याचा नायब तहसीलदार."

तो उभा राहिला. खुर्ची पुढे केली. "आधी सांगायचं ना, साहेब. घरचा माणूस आहे का?"

काय विचारतो आहे ते मला समजलं: अधिकाऱ्याच्या घरच्या माणसाला दाखला लागत नाही. जफर मागे फरशीवर वाकून हिरवं पाणी ओकत होता. रहमतबी पदराने त्याचं तोंड पुसत माझ्याकडे पाहत होती.

"हो," मी म्हणालो.

फॉर्मवर लिहून दिलं: माझ्या घरचा नोकर, दहा वर्षांपासून. बावीस वर्षांच्या नोकरीतली पहिली खोटी सही. अक्षर इतकं सुरेख आलं की मलाच आश्चर्य वाटलं. बहुधा बसून लिहिल्यामुळे.

कारकुनाने दुपारच्या ऑपरेशनांची यादी उघडली, पट्टी ठेवून एक नाव कापलं आणि वर जफरचं लिहिलं. कोणाचं कापलं ते मी पाहिलं नाही. पाहता आलं असतं. वही माझ्याकडेच तोंड करून होती.

४ डिसेंबर

जफर जिवंत आहे. वीतभर आतडं काढलं. सर्जन म्हणाले, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर आणायची गरज नव्हती. मला पाहून पुढे म्हणाले, "तुमचा नोकर मोठा चिवट आहे, आणि तुम्हीही. नोकरासाठी एवढं करणारा मालक विरळा." ते ऐकून रहमतबी फिस्सकन हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

७ डिसेंबर, रविवार

तीन दिवसांत काही लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणजे होतं, पण सगळं जफरच्या पोटात होतं. या ऑपरेशननंतर आतडं पुन्हा चालू झालं याची खूण एकच: वारा सरणं. तोपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. सर्जन येतात, पोटाला नळी लावतात आणि विचारतात, "सरला का?" जफर मान हलवतो. सर्जन गंभीर होतात. अख्खा वॉर्ड गंभीर होतो. माझ्या बी. ए.च्या निकालाचीही मी एवढ्या आतुरतेने वाट पाहिली नव्हती.

आज सकाळी साडेनऊला निकाल लागला. मोठ्याने. समोरच्या खाटेवरचे मारवाडी आजोबा म्हणाले, "बधाई हो." रहमतबीने पदर डोक्यावर घेऊन हात उचलले आणि अल्लाचे आभार मानले. जफर म्हणाला, "इंजिन स्टार्ट, साहेब." मला रडू आलं. असल्या आवाजाला रडणारा मी एकटाच नसेन, पण पदवीधरांत बहुधा एकटाच.

तोंड धुवायला बाहेर व्हरांड्यात गेलो. तिथे चटईवर एक माणूस पडलेला, जफरसारखंच फुगलेलं पोट, उशाशी म्हातारी आई. केळापूरकडचा, नाव श्रावण.

"तुमचा मानूस सुटला वाटते," तो म्हणाला. "आवाज आला. बरं झालं. माहंबी असंच आहे, फुगते."

"किती दिवस झाले इथे?"

"एकवीस. बुधवारी नंबर होता. सकाळी नाव घेतलं, अन्नपानी बंद केलं. दुपारी म्हने, थांब आता. लेहण्यात काई चुकलं असन त्यांचं."

"दाखला आहे?"

त्याच्या आईने लुगड्याच्या गाठीतून काढून दाखवला. पटवाऱ्याची सही, तहसिलीचा शिक्का, सगळं बरोबर. या दवाखान्यात मी पाहिलेला सर्वात खरा कागद.

"हो," मी म्हणालो. "लिहिण्यात चुकलं."

याहून पुढचं सांगायला तोंड उघडलं, पण आतून फक्त एवढंच आलं. तो म्हणाला, "होते, साहेब. मानसाकडून होते."

रात्री कारकून कामावर आल्याबरोबर त्याच्याकडे गेलो आणि येत्या बुधवारची यादी दाखवा म्हटलं. घरचा माणूस एवढ्या थाटात सुटलेल्या साहेबाला त्याने ती लगेच दाखवली. सात नावं. प्रत्येकापुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात आणखी एक नाव: कोणी इन्स्पेक्टर, कोणी वकील, कोणाचा साडू, कोणी मिलवाले. श्रावणचं नाव त्या सातांत नव्हतं. खाली, रेघेच्या पलीकडे, आठवं. त्याच्यापुढची जागा तेवढी कोरी.

"याच्याकडे दाखला आहे," मी म्हणालो.

"आहे ना, साहेब. माणूस नाही."

कोणाला तरी खाली ढकलावं लागणार, हे कळत होतं. या वेळी सातही नावं नीट वाचली, त्यांच्यापुढची पेन्सिलही वाचली. सातवं नाव एका मिलवाल्यांच्या मेव्हण्याचं. मेव्हण्याला गेल्या वर्षीच्या ऑपरेशनचा व्रण अधिक सुबक करून हवा आहे. हे पाप माझ्याच्याने होईल, असं वाटलं.

"हाही माझ्या घरचा," मी म्हणालो.

कारकुनाने पेन्सिल कानामागून काढली. "साहेब, घरी माणसं तरी किती आहेत तुमच्या?"

"मोजायची राहिली आहेत."

त्याने नवा फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. संपूर्ण नाव मागतात, आणि दहा वर्षं माझ्या घरी राबलेल्या या माणसाबद्दल मला श्रावण यापलीकडे काही माहीत नव्हतं. परत व्हरांड्यात गेलो, तर दोघंही माय-लेक झोपले होते. उठवावंसं वाटलं नाही. यादी उद्या सकाळी अकराला बंद होते.

उद्या: श्रावणला त्याच्या बापाचं नाव विचारणे.